आकाराचा हिशेब

दसऱ्याच्या सकाळी दाराच्या चौकटीला झेंडूचे तोरण बांधताना दोन खिळ्यांमधील दोरी थोडी सैल सोडली, म्हणजे फुलांच्या भाराने ती मधोमध खाली झुकते आणि क्षणभर हेलकावे घेऊन एका विवक्षित वक्ररेषेत स्थिर होते. ती रेषा कोणी आखलेली नसते. दोरीची लांबी, फुलांच्या वजनाची वाटणी आणि खिळ्यांमधील अंतर एवढ्या तीन गोष्टींवरून दोरीच आपला आकार मुकरर करते, आणि त्यांपैकी एकही गोष्ट बदलली तर तो आकारही तत्क्षणी बदलतो. वाकवणारा जोर सोसण्याचे सामर्थ्य दोरीच्या अंगी नसते, तिला केवळ ताण कळतो. म्हणून जीमध्ये निव्वळ ताणच शिल्लक राहील अशीच स्थिती ती शोधून काढते. आजचे अभियंते संगणकाच्या साहाय्याने छपराचा, पुलाचा वा विमानाच्या पंखाचा आकार ठरवतात आणि भार पेलणे, ऊन अडवणे, उजेड आत घेणे ही पूर्वी वेगवेगळ्या पदार्थांत वाटलेली कामे एकाच पदार्थाच्या हवाली करतात, तेव्हा ही सारी विद्या कालपरवाच्या यंत्रयुगाचे अपत्य असावी असे वाटणे साहजिक आहे. परंतु तिची वंशावळ पाहू गेले असता असे दिसते, की पदार्थालाच त्याचा आकार विचारण्याची वहिवाट निदान साडेतीनशे वर्षांची आहे, आणि संगणक हा त्या वहिवाटीचा अलीकडचा वारस आहे.

लंडनच्या रॉयल सोसायटीत प्रयोगांची व्यवस्था पाहणारा रॉबर्ट हूक याला या वंशाचा मूळपुरुष म्हणता येईल. १६६६ सालच्या आगीत लंडन शहराचा फार मोठा भाग भस्मसात झाला होता आणि त्याच्या पुनर्रचनेत हूक हा शहराचा मोजणीदार म्हणून व क्रिस्टोफर रेन याचा सहकारी म्हणून आकंठ बुडालेला होता. त्यामुळे कमान कोणत्या आकाराची असावी, हा प्रश्न त्याच्यापुढे रोजच्या कामाचा म्हणून उभा होता. १६७५ साली एका पुस्तकाच्या अखेरीस त्याने आपले उत्तर प्रसिद्ध केले, पण ते एका लॅटिन वाक्यातील अक्षरे सुटी करून वर्णानुक्रमाने मांडलेल्या कोड्याच्या रूपाने. शोधाचा मान आपल्याकडे राहावा आणि शोध मात्र इतक्यात कोणाच्या हाती पडू नये, ही त्यामागील युक्ती. १७०३ साली हूक वारला आणि दोन वर्षांनी ते वाक्य उलगडून छापले गेले. त्याचा आशय असा, की लवचिक दोरी जशी लोंबते तशीच, परंतु उलटी, ताठ कमान उभी राहते. लोंबत्या दोरीत सर्वत्र ताण असतो. तोच आकार पालथा केला की ताणाच्या जागी सर्वत्र दाब येतो. आणि दगड ताणाला जितका दुबळा तितकाच दाबाला खंबीर असल्यामुळे, दोरीने जे आपल्यासाठी शोधले ते दगडाच्या उपयोगी पडते. या वक्राचे समीकरण हूकला ठाऊक नव्हते. ते लायब्निझ, हायगेन्स आणि योहान बर्नुली यांनी १६९१ साली मांडले. म्हणजे गणिताला जे उत्तर पुढे सोळा वर्षांनी सापडले, ते साखळीने हूकला आधीच दाखवून ठेवले होते.

या तत्त्वाची खरी कसोटी रोममध्ये लागली. सेंट पीटरच्या मंदिराचा घुमट १५९० साली पुरा झाला होता आणि दीडशे वर्षांत त्याला उभ्या भेगा पडल्या होत्या. पोप चौदावा बेनेडिक्ट याने १७४२ साली तीन गणितज्ञांकडून पाहणी करविली. त्यांनी आकडेमोड करून घुमट धोक्यात आहे असा निष्कर्ष काढला, तेव्हा मायकेलँजेलोने गणितावाचून उभारलेला घुमट गणितावाचून दुरुस्तही करता येईल, असा आक्षेप जुन्या वळणाच्या मंडळींनी घेतला. हा वाद एका घुमटापुरता नव्हता. इमारतीच्या सुरक्षिततेविषयी शेवटचा शब्द कोणाचा, परंपरेने हात तयार झालेल्या मिस्त्रीचा की हिशेबाचा, हा त्यातील खरा मुद्दा होता. पुढील वर्षी पादुआचा प्राध्यापक जोव्हान्नी पोलेनी याला पाचारण करण्यात आले, आणि त्याने जी रीत अवलंबिली तीत या दोन्ही पक्षांचे सत्त्व एकत्र आले.

पोलेनीने नारंगीच्या फोडी पाडाव्यात तसे त्या घुमटाचे मनोमन पन्नास भाग पाडले आणि समोरासमोरच्या दोन फोडी घेऊन त्यांची एक कमान कल्पिली. त्या कमानीचे त्याने बत्तीस तुकडे केले, प्रत्येक तुकड्यातील दगडविटांचे वजन काढले, आणि त्या वजनांच्या प्रमाणात लहानमोठे बत्तीस गोळे एका दोरीत ओवून ती दोरी लोंबत सोडली. वरच्या मेघडंबरीचा भारही त्यात धरला होता, म्हणून मधले गोळे जड होते आणि दोरीचा आकार साध्या साखळीहून निराळा झाला. मग तो आकार उलटा करून त्याने घुमटाच्या छेदाच्या नकाशावर ठेवला, तेव्हा ती रेषा प्रारंभापासून अखेरपर्यंत घुमटाच्या जाडीच्या आतच राहते असे दिसून आले. याचा अर्थ भेगा पडल्या असल्या तरी दगडातून भार जमिनीपर्यंत सुखरूप उतरण्यास वाट शिल्लक होती. घुमटाचा पाया फाकू नये म्हणून लोखंडी कड्या बसवाव्यात, ही तजवीज मात्र पोलेनीनेही मान्य केली. त्याप्रमाणे पाच नव्या कड्या बसविण्यात आल्या, आणि १७४८ साली त्याने हा सारा तपशील ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. उभ्या इमारतीच्या जीवनमरणाचा निवाडा शास्त्रीय हिशेबाने झाल्याच्या अगदी आरंभीच्या दाखल्यांपैकी हा एक आहे, आणि त्या हिशेबाचे यंत्र होते एक दोरी व बत्तीस गोळे.

या यंत्राचा परमोत्कर्ष बार्सिलोनाजवळ झाला. अंतोनी गौदी या वास्तुशिल्पकाराकडे १८९८ साली कोलोनिया ग्वेल या गिरणीकामगारांच्या वसाहतीतील प्रार्थनामंदिराचे काम आले, आणि त्यासाठी नकाशे काढण्याऐवजी त्याने एका शेडच्या आढ्यापासून दोऱ्यांचे एक प्रचंड जाळे खाली सोडले. एका दोरीपासून दुसरी, दुसरीपासून तिसरी अशा शेकडो दोऱ्या एकमेकींना बांधलेल्या, आणि जेथे जेथे भिंतीचा वा छताचा भार यावयाचा तेथे तेथे शिशाचे छर्रे भरलेल्या लहान कापडी पिशव्या टांगलेल्या. लांबीचे प्रमाण एकास दहा होते आणि वजनाचे एकास दहा हजार. एक पिशवी हलविली तर सबंध जाळे सरकून नव्या स्थितीत स्थिरावे. एक खांब किंचित बाहेर न्यावा तर पलीकडच्या दहा कमानी आपला कल बदलीत. भाराचा एक बिंदू हलला असता समग्र रचनेचा समतोल पुन्हा शोधणे, हे जे काम आज संगणक क्षणार्धात करतो, तेच काम त्या दोऱ्या गुरुत्वाकर्षणाच्या बळावर करीत होत्या. समतोल सापडला की गौदी त्या जाळ्याचे छायाचित्र घेई, ते उलटे धरून त्यावर भिंती आणि खिडक्या रंगवी, आणि अशा रीतीने मंदिर डोळ्यांपुढे उभे राही. या प्रतिकृतीवर दहा वर्षे गेली. १९०८ साली बांधकामाला आरंभ झाला आणि १९१४ साली ते थांबले ते कायमचेच. केवळ तळघर पुरे झाले. परंतु त्यातील कललेले खांब पाहिले म्हणजे ते कलले आहेत असे न वाटता, भार ज्या वाटेने खाली येतो त्या वाटेवर ते उभे आहेत, असाच प्रत्यय येतो.

येथवरची कथा दगडाची, म्हणजे दाबाची झाली. मनुष्याने भार पेलण्याची दुसरी एक रीत त्याहूनही आधीपासून चालविली होती, आणि ती म्हणजे तंबूची. शिवकालीन राज्यव्यवस्थेतील अठरा कारखान्यांत फरासखाना हा एक स्वतंत्र कारखाना होता, आणि पेशवाईतील त्या खात्याचे नाव पुण्यात बुधवार पेठेत आजही टिकून आहे. डेरे, राहुट्या, शामियाने, कनाती यांचा जामानिमा सांभाळणारे त्या कारखान्यातील फरास हे आपल्या परीने ताणरचनेचे जाणकारच होते. मेख कोठे ठोकावी, तणावा किती ओढावा, कापडाला कोठे दुहेरी शिवण द्यावी, हे त्यांना हाताने कळत असे. तंबूचे कापड एकाच वेळी भिंत असते, छप्पर असते आणि भार वाहणारे अंगही असते. धनगराच्या खांद्यावरची घोंगडी जशी त्याचे अंथरूण, पांघरूण आणि पावसातली खोळ अशी तिन्ही कामे करते, त्याच जातीचा हा पदार्थ. परंतु तंबूची विद्या ग्रंथात उतरली नव्हती. ताणलेल्या पृष्ठाचा आकार दोरीच्या आकारापेक्षा फार अवघड. दोरी एका रेषेत वाकते, तर पृष्ठ एका दिशेने वर आणि दुसऱ्या दिशेने खाली, घोड्याच्या खोगिरासारखे, वळलेले असावे लागते, नाहीतर ते वाऱ्याने फडफडते.

असे पृष्ठ कोणत्या आकाराचे असावे, याचे उत्तर साबणाच्या पाण्यात सापडले. तारेचे कडे साबणाच्या पाण्यात बुडवून वर काढले असता त्यात जो पातळ पडदा धरतो, तो त्या कड्यात बसू शकणाऱ्या पृष्ठांपैकी सर्वांत कमी क्षेत्रफळाचे पृष्ठ असतो आणि त्यात सर्व दिशांना सारखाच ताण असतो. बेल्जियमच्या गेंट नगरीतील भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ प्लॅटो याने १८७३ साली या पडद्यांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या कितीतरी वर्षे आधी तो पूर्णपणे अंध झाला होता, आणि प्रयोग दुसऱ्यांच्या हातांनी व डोळ्यांनी करवून घेत त्याने ही अपूर्व कामगिरी पार पाडली. ते ज्ञान छपरासाठी राबविले जर्मन वास्तुशिल्पकार फ्राय ओटो याने. दुसऱ्या महायुद्धात तो वैमानिक होता, पुढे फ्रान्समध्ये शार्त्रजवळच्या युद्धकैद्यांच्या छावणीत त्याच्याकडे बांधकामाचे काम आले, आणि सामग्रीच्या त्या दुर्भिक्ष्यात कमीत कमी पदार्थात जास्तीत जास्त निवारा कसा साधावा, हा प्रश्न त्याच्या मनात कायमचा रुजला. लोंबत्या छतांवरील त्याचा प्रबंध १९५४ सालचा; १९६४ साली स्टुटगार्ट येथे त्याने हलक्या रचनांच्या अभ्यासासाठी संस्था काढली, आणि तेथे साबणाच्या पडद्यांची छायाचित्रे घेऊन ती मोजण्याचे काम वर्षानुवर्षे चालले.

म्यूनिक येथील १९७२ सालच्या ऑलिम्पिक सामन्यांसाठी ग्युंटर बेनिश व त्याचे सहकारी यांचा आराखडा निवडला गेला, तेव्हा ही हाताने आकार शोधण्याची रीत आपल्या मर्यादेला येऊन भिडली. क्रीडांगण, बंदिस्त प्रेक्षागृह आणि पोहण्याचा तलाव यांच्यावरून डोंगरउतारासारखे वाहत जाणारे सुमारे ७५,००० चौरस मीटरचे एक छत त्यात योजिले होते. पोलादी तारदोरांचे जाळे, त्याच्या चौकटी ७५ सेंटिमीटरच्या, आणि वर पारदर्शक अॅक्रिलिकचे तक्ते, असे त्याचे स्वरूप ठरले. ओटोच्या संस्थेत बारीक तारांच्या प्रतिकृती तयार झाल्या; त्यांचे प्रमाण एकास १२५ होते. पण अडचण नेमकी येथेच होती. प्रतिकृती मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली तर प्रत्यक्ष छतात तिचे साडेबारा सेंटिमीटर होतात. आणि तारदोर तर कारखान्यात आधीच कापून, गाठींच्या खुणा करून आणावयाचे, कारण एकदा ताण दिल्यावर त्यांची लांबी कमीअधिक करण्याची सोय उरत नाही. एक तार जरा लांब राहिली की ती ढिली पडणार आणि तिच्या वाट्याचा भार शेजारणीवर जाणार. बत्तीस गोळ्यांच्या दोरीने ज्याचा निवाडा केला असता, तसे हे प्रकरण राहिले नव्हते.

या अडचणीतून मार्ग काढण्यास लागणारे गणित सुदैवाने ओटोच्या स्टुटगार्ट नगरीतच हजर होते. व्होलोस या ग्रीक गावी जन्मलेला जॉन आर्जिरिस १९५९ साली स्टुटगार्टला आला होता. विमानाच्या अंगावरील भारांचा हिशेब करण्यासाठी त्याने १९५४ व १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या लेखमालेने एका नव्या रीतीचा पाया घातला होता. अमेरिकेत बोइंग कारखान्याशी संबंधित टर्नर, क्लफ, मार्टिन व टॉप यांनी १९५६ साली तीच दिशा धरली, आणि १९६० साली क्लफने तिला जे नाव दिले त्याला मराठीत सांत घटक पद्धती म्हणतात. तिचे मर्म पोलेनीच्या फोडींत आहेच: अवघड वस्तूचे साधे साधे तुकडे करावेत, प्रत्येक तुकडा भाराखाली कसा वागतो ते लिहून काढावे, आणि तुकड्यांच्या सांध्यांवर सर्व बले जुळली पाहिजेत या एकाच अटीवर सबंध वस्तूचे वर्तन सिद्ध करावे. फरक इतकाच, की पोलेनीचे तुकडे बत्तीस होते आणि येथे समीकरणे हजारोंच्या घरात जात. ती सोडविणे संगणकाखेरीज अशक्य होते.

म्यूनिकच्या जाळ्याचा हिशेब आर्जिरिसच्या मंडळींनी जसा केला, तसाच स्टुटगार्टच्याच विद्यापीठातील भूमापनाचे प्राध्यापक क्लाउस लिंकविट्झ यांच्या मंडळींनीही केला. जमिनीची मोजणी करणाऱ्या शास्त्रातला मनुष्य छताच्या हिशेबात यावा, हा मला या इतिहासातील अत्यंत बोधप्रद प्रसंग वाटतो. प्रतिकृतीची सूक्ष्म मोजणी करण्यासाठी ते आले, मोजणी पुरेशी पडत नाही हे त्यांना दिसले, आणि मग त्यांनी १९७१ साली हान्स-योर्ग शेक यांच्यासह एक नवीच वाट काढली. जाळ्यातील प्रत्येक तुकड्याचा ताण आणि त्याची लांबी ही दोन्ही अज्ञात असल्यामुळे समीकरणे गुंतून पडतात. म्हणून ताण व लांबी यांचे गुणोत्तर आधीच मुकरर करावे, म्हणजे प्रत्येक गाठ अवकाशात कोठे स्थिर होईल ते साध्या रेखीय समीकरणांतून एकदम बाहेर पडते. बलघनता पद्धती या नावाने ती आजही छतांच्या आराखड्यांत वापरली जाते. गौदीच्या शेडमधील जाळे जणू अंकांच्या रूपाने पुन्हा टांगले गेले. पिशवी हलवावी आणि दोऱ्यांनी नवी जागा शोधावी, हा व्यवहार तोच राहिला.

म्यूनिकच्या छतात भार पोलादाने वाहिला आणि ऊनपाऊस अॅक्रिलिकने अडविला. कामांची विभागणी कायम होती. ती मिटविण्यास पदार्थच नवा हवा होता. १९३८ साली रॉय प्लंकेट याच्या हाती आलेला, तव्यावर अन्न चिकटू न देणारा म्हणून घरोघर परिचित झालेला टेफ्लॉन हा पदार्थ काचेच्या तंतूंपासून विणलेल्या कापडावर चढविला, तेव्हा तंबूच्या कापडाचे सारे जुने दोष एकदम नाहीसे झाले. काचतंतू ताण सोसतो आणि पेट घेत नाही, परंतु ओलाव्याने व घासण्याने दुबळा होतो. टेफ्लॉनचे आवरण त्याचे ओलाव्यापासून आणि प्रखर उन्हापासून रक्षण करते, त्यावर धूळ टिकत नाही, आणि त्यातून सौम्य उजेड आत झिरपतो. कॅलिफोर्नियातील ला व्हर्न कॉलेजात १९७३ साली अशा कापडाचे कायमस्वरूपी छत प्रथम उभे राहिले.

या पदार्थाचे सर्वांत भव्य दर्शन जेद्दा येथे घडते. मुंबई बंदरातून जहाजाने मक्केच्या वाटेला लागणारे यात्रेकरू पिढ्यानुपिढ्या ज्या जेद्द्याच्या किनाऱ्याला उतरत, तेथेच १९८१ साली हजच्या विमानप्रवाशांसाठी तळ खुला झाला. ढाक्याचा फझलूर रहमान खान हा त्याचा मुख्य अभियंता. शिबपूरच्या बंगाल इंजिनिअरिंग कॉलेजात काही काळ शिकलेला आणि शिकागोच्या गगनचुंबी इमारतींनी जगद्विख्यात झालेला हा पुरुष. चारी बाजू ४५ मीटर अशा २१० तंबूंची रांग त्याने तेथे योजिली. ते कापड बहुतेक ऊन परतवून लावते, दिवसा दिवे लावण्याची गरज ठेवीत नाही, आणि प्रत्येक तंबूच्या शंकूसारख्या माथ्याला ठेवलेल्या मोकळ्या कड्यातून तापलेली हवा वर निघून जाऊन बाजूंनी वारा आत येतो. वर्षातून काही आठवडेच लाखोंच्या गर्दीने भरणाऱ्या जागेला यंत्राने थंड करण्याचा खर्चवेच परवडणारा नव्हता. तो भार कापडाने आणि आकाराने मिळून उचलला. खान १९८२ साली जेद्दा येथेच निवर्तला.

एकच पदार्थ, एकच आकार आणि अनेक कामे, हा जो आदर्श आजच्या पदार्थविज्ञानापुढे आहे, त्याचा मूळ नमुना मात्र आपल्या देहातच आहे. १८६६ च्या सुमारास झुरिक येथे शरीरशास्त्रज्ञ हेर्मान फोन मायर याने मांडीच्या हाडाचा उभा छेद दाखविला, तेव्हा कार्ल कुलमान या अभियंत्याच्या लक्षात आले, की त्या हाडातील जाळीदार तंतू ज्या रेषांनी जातात त्या भार उचलणाऱ्या वाकड्या यारीतील ताण आणि दाब यांच्या रेषांशी जुळतात. हे हाड भार वाहते, त्याच्या आत रक्त तयार होते, आणि शरीराचा चुन्याचा साठाही तेच सांभाळते. १९८८ साली बेंडसो व किकुची यांनी संगणकाकडून जे करविले ते याच वळणाचे होते: पदार्थाचा भरीव ठोकळा द्यावा, भार सांगावा, आणि जेथे पदार्थ काही काम करीत नाही तेथून तो काढून घेत जावे. उरतो तो आकार पुष्कळदा हाडासारखाच दिसतो.

हा सारा इतिहास डोळ्यांपुढे ठेवला म्हणजे एक गोष्ट निःसंशय पटते. संगणकाने हिशेबाचा वेग वाढविला, अचूकपणा वाढविला, आणि बत्तीस तुकड्यांच्या जागी लाखो तुकडे मांडण्याची शक्ती दिली. पण कोणता प्रश्न विचारावा हे हूक, पोलेनी, गौदी आणि ओटो यांनी हातात दोरी आणि साबणाचे पाणी घेऊन ठरविले होते. पुण्यात १८५४ सालापासून अभियांत्रिकीचे शिक्षण चालू आहे आणि आज महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांत त्याची महाविद्यालये आहेत. तेथील अध्यापकांना माझी कळकळीची विनंती अशी, की विद्यार्थ्याला संगणकापुढे बसविण्यापूर्वी एक दिवस फळ्यावर दोन खिळे ठोकून हातभर साखळी त्याच्या हाती द्यावी. तिला ठिकठिकाणी वजने टांगून तिची रेषा कागदावर उतरवून घेण्यास सांगावे, आणि मग तो कागद उलटा धरण्यास सांगावे. यंत्राने दिलेले उत्तर बरोबर की चूक हे ओळखणारी नजर त्यालाच लाभते, ज्याने भार बदलताच आकार बदलतो हे एकदा तरी आपल्या हाताखाली पाहिलेले आहे.